जिंकल्यानंतरची परीक्षा



गेल्या हिवाळ्यात निलंग्याला कबड्डीचे सामने होते. आमच्या शाळेचा संघ चांगला खेळला. शेवटच्या चढाईत आम्ही दोन गुणांनी पुढे गेलो आणि पंचांची शिट्टी वाजली. मुले आनंदाने नाचू लागली. त्याच वेळी समोरच्या संघातील एक मुलगा मैदानात पाय धरून बसला होता. पकडीत त्याचा घोटा मुरगळला होता. आमची मुले त्याच्याभोवती फेर धरून नाचत होती आणि त्याला चिडवत होती.

आमच्या संघात एक राखीव खेळाडू होता. त्याला त्या दिवशी एक मिनिटही खेळायला मिळाले नव्हते. संघासाठी भरून ठेवलेली पाण्याची बाटली घेऊन तो त्या मुलाजवळ गेला. त्याला पाणी पाजले, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि त्याचे शिक्षक येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात कुजबूज सुरू झाली. एक मुलगा उभा राहून मोठ्याने म्हणाला, "सर, इसने दुश्मन को पानी पिलाया!" सारा वर्ग हसला. तो राखीव खेळाडू मान खाली घालून बसला होता.

खरे सांगतो, त्या वेळी मला लगेच उत्तर सुचले नाही. मी सर्वांना गप्प बसवले आणि धडा शिकवायला सुरुवात केली. पण गप्प बसवणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. ते उत्तर आज उशिरा का होईना, तुमच्यापुढे मांडतो.

मध्ययुगात युरोपात 'नाइट' नावाचे घोडेस्वार योद्धे होते. इंग्रजीच्या पुस्तकात तुम्ही त्यांची चित्रे पाहिली असतील. अंगभर लोखंडी चिलखत, हातात लांब भाला, डाव्या हाताला ढाल. या योद्ध्यांनी कसे वागावे याचे काही नियम होते. त्या आचारसंहितेला इंग्रजीत 'शिव्हलरी' म्हणतात. आचारसंहिता म्हणजे उर्दूत जाब्ता-ए-अख्लाक. मराठीत आपण तिला 'वीरधर्म' म्हणू.

या शब्दांची एक गंमत आहे. फ्रेंच भाषेत घोड्याला 'शव्हाल' म्हणतात. त्यावरून घोडेस्वाराला 'शव्हालिए' हा शब्द झाला आणि त्यातूनच पुढे 'शिव्हलरी' आला. अरबीत घोड्याला 'फरस' आणि घोडेस्वाराला 'फारिस' म्हणतात. उर्दूतला 'शहसवार' तर तुमच्या ओळखीचाच आहे. मराठीत स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन लढणाऱ्या स्वाराला 'शिलेदार' म्हणत, आणि सरकारी घोड्यावर बसून लढणाऱ्याला 'बारगीर'. म्हणजे फ्रान्स असो, अरबस्तान असो की आपले दख्खन असो, वीराची कल्पना घोड्याभोवतीच घडलेली दिसते. याचे कारण सोपे आहे. घोड्यावर बसलेला माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा उंच असतो, वेगवान असतो, बलवान असतो. ज्याच्या हाती असे बळ आले, त्याला लगाम कोण घालणार? घोड्याला लगाम स्वार घालतो. स्वाराला लगाम घालण्यासाठी वीरधर्म निघाला.

नाइटांच्या कथांमध्ये आर्थर राजाच्या कथा सर्वांत प्रसिद्ध आहेत. आर्थर खरोखर होऊन गेला की नाही, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. पण कथा मात्र शेकडो वर्षे सांगितल्या गेल्या. टॉमस मॅलरी नावाच्या इंग्रज लेखकाने पंधराव्या शतकात त्या एकत्र केल्या आणि विल्यम कॅक्स्टन याने १४८५ मध्ये तो ग्रंथ छापला. त्यात आर्थरचे वीर दरवर्षी एका सणाला शपथ घेतात. खून करायचा नाही, दगाबाजी करायची नाही, शरण आलेल्याला जीवदान द्यायचे, स्त्रियांना मदत करायची आणि धनाच्या लोभाने खोट्या भांडणात कुणाची बाजू घेऊन लढायचे नाही, अशा आशयाची ती शपथ आहे.

मित्रांनो, ही शपथ नीट पाहा. त्यात तलवार कशी चालवावी हे कुठेही नाही. तलवार कधी थांबवावी, एवढेच आहे.

अशी शिकवण फक्त युरोपातच होती असे समजू नका. महाभारतात युद्ध सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्ष नियम ठरवतात. निःशस्त्रावर वार करायचा नाही, पळणाऱ्याला मारायचे नाही. फारसी साहित्यात 'जवाँमर्दी' आणि अरबीत 'फुतुव्वत' या शब्दांनी हाच गुण सांगितला आहे. आणि उर्दूच्या तासाला तुम्ही मीर अनीस यांचे नाव ऐकले आहेच. त्यांच्या मरसियांमध्ये जो वीर दिसतो, तोही याच जातीचा. करबलाच्या वाटेवर हुर्रची फौज इमाम हुसैन यांना अडवायला आली होती. उन्हात ती फौज तहानेने व्याकूळ झाली होती. इमाम हुसैन यांनी आपल्या जवळचे पाणी त्या फौजेला आणि तिच्या घोड्यांनाही पाजले. ही कथा तुम्ही घरी लहानपणापासून ऐकत आला आहात. मग माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारतो, अडवायला आलेल्या फौजेला पाणी देणे ज्यांना मोठेपणाचे वाटते, त्यांनी कबड्डीच्या मैदानावर पाणी देणाऱ्याला का हसावे?

इथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "सर, या सगळ्या पुस्तकातल्या गोष्टी झाल्या. खरे योद्धे असे वागत होते का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की पुष्कळदा वागत नव्हते. १०९९ मध्ये युरोपच्या नाइटांनी जेरुसलेम जिंकले तेव्हा त्यांनी शहरातील मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची भयंकर कत्तल केली. महाभारतातले नियमही दोन्ही बाजूंनी मोडले गेले. एकट्या अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारले आणि कर्ण रथाचे चाक काढत असताना त्याच्यावर बाण सुटला. आपले घोडेस्वारही नेहमी नियमाने वागले असे नाही. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. तेव्हा तिथल्या रयतेचे इतके हाल झाले की 'बारगीर' या शब्दाचा 'बर्गी' झाला आणि बंगाली आया लहान मुलांना झोपवताना बर्गी येतील म्हणून भीती घालू लागल्या. आर्थरच्या कथा लिहिणारा मॅलरी तर स्वतः तुरुंगात होता. तो ग्रंथ त्याने कैदेत असताना लिहिला.

मग वीरधर्म म्हणजे थोतांड काय? १६०५ मध्ये सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाने 'डॉन किहोते' ही कादंबरी लिहून नाइटांच्या कथांची मनसोक्त थट्टा केली. त्यातला म्हातारा गृहस्थ अशा कथा वाचून वाचून पवनचक्क्यांनाच राक्षस समजतो आणि त्यांच्यावर भाला घेऊन धावून जातो. जग त्याला हसले.

पण माझे मत वेगळे आहे. नियम मोडला जातो म्हणून नियम खोटा ठरत नाही. तुमच्या कंपासपेटीत पट्टी असते. एखाद्याने वाकडी रेघ मारली तर दोष पट्टीचा नसतो. उलट पट्टी आहे म्हणूनच रेघ वाकडी आहे हे कळते. जेरुसलेममधली कत्तल वाईट, असे आपण म्हणू शकतो, कारण त्याच योद्ध्यांच्या पुस्तकांत शरण आलेल्याला मारू नये असे लिहिलेले होते.

शिवाय त्या रेघेवर सरळ चालणारी माणसेही होऊन गेली. ११८७ मध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांनी जेरुसलेम परत घेतले. तेव्हा त्यांनी १०९९ चा सूड उगवला नाही. शहरातील ख्रिस्ती लोकांना ठरावीक रक्कम घेऊन जाऊ दिले आणि ज्यांच्याजवळ पैसे नव्हते अशा अनेकांना तसेच सोडले. ११९२ मध्ये त्यांचा शत्रू इंग्लंडचा राजा रिचर्ड आजारी पडला, तेव्हा त्याच्यासाठी फळे आणि बर्फ पाठवला. याचा परिणाम काय झाला पाहा. इटलीचा महाकवी दान्ते हा कट्टर ख्रिस्ती. पण त्याने आपल्या महाकाव्यात सलाहुद्दीन यांना जगातल्या थोर आत्म्यांच्या शेजारी मानाची जागा दिली. मित्रांनी केलेली स्तुती कुणालाही मिळते. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली स्तुती मात्र कमवावी लागते.

आता आपण दूरच्या देशातून घरी येऊ. आपल्याच लातूर जिल्ह्यात उदगीरचा किल्ला आहे. तुमच्यापैकी काहींनी तो सहलीत पाहिला असेल. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर आणि औसा या परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. मराठ्यांचा सेनापती सदाशिवरावभाऊ होता. निजामाचा पराभव झाला आणि त्याला सुमारे ६० लाखांचा मुलूख द्यावा लागला. या विजयात मराठ्यांच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. त्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा प्रमुख होता इब्राहिमखान गारदी.

इब्राहिमखान फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला सरदार होता. आधी तो निजामाच्या चाकरीत होता. ती सुटल्यावर तो पेशव्यांकडे आला. 'गारदी' हा शब्दही फ्रेंच 'गार्द' म्हणजे रक्षक या शब्दावरून आला आहे. पुढे १७७३ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि हा शब्द मराठीत बदनाम झाला. पण एकाच नावाच्या पलटणीत विश्वासघात करणारेही असतात आणि वचनासाठी मरणारेही असतात. पोशाखावरून माणूस ओळखता येत नाही, हे यावरून लक्षात घ्या.

उदगीरनंतर भाऊ उत्तरेकडे निघाला आणि इब्राहिमखान त्याच्याबरोबर गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अहमदशहा अब्दालीशी गाठ पडली. या लढाईची हकीकत काशीराज नावाच्या माणसाने फारसीत लिहून ठेवली आहे. काशीराज हा दख्खनी ब्राह्मण. पण तो अब्दालीच्या बाजूने आलेल्या शुजाउद्दौला या अवधच्या नवाबाच्या नोकरीत होता. म्हणजे लेखक ब्राह्मण, भाषा फारसी, मालक नवाब आणि विषय मराठ्यांचा पराभव! आपला इतिहास असा आहे. त्याला एका रंगाच्या पेटीत भरता येत नाही.

काशीराज सांगतो की लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊजवळ आला. त्याच्या शिपायांचा पगार दरमहा वेळेवर मिळावा म्हणून तो नेहमी आग्रह धरी आणि त्यामुळे भाऊ त्याच्यावर नाराज असे. त्या महिन्यात तर खजिना लुटला गेल्यामुळे पगार मिळालाच नव्हता. इब्राहिमखानाने ही गोष्ट भाऊला बोलून दाखवली आणि तरीही आज आपले कर्तव्य बजावू, असे सांगून तो लढायला गेला. त्याच्या पलटणी रोहिल्यांवर तुटून पडल्या. बहुतेक पलटणी कामास आल्या. तो स्वतः भाल्यांनी आणि गोळीने जखमी झाला, पकडला गेला आणि काही दिवसांतच कैदेत मरण पावला.

मी हा भाग वर्गात सांगितला तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, समोर मुसलमान बादशहा होता. मग इब्राहिमखानाने आपले ईमान विकले नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर मला मराठी भाषेतच सापडले. 'ईमान' हा शब्द तुम्ही श्रद्धा या अर्थाने वापरता. हाच शब्द मराठीत 'इमान' म्हणून आला. पण मराठीत त्याचा अर्थ होतो निष्ठा, खाल्ल्या अन्नाला जागणे, दिलेला शब्द पाळणे. शेतकरी आपल्या कुत्र्याला 'इमानी' म्हणतो आणि पैसे परत करणाऱ्या दुकानदाराला 'इमानदार' म्हणतो. आता सांगा, जो श्रद्धावंत आहे त्याने शब्द मोडावा काय? मला वाटते, दोन्ही अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. इब्राहिमखानाने भाऊला शब्द दिला होता. पगार थकला, पराभव समोर दिसू लागला, तरी त्याने तो शब्द मोडला नाही. त्याने इमान विकले नाही, राखले. ज्याची चाकरी पटत नाही ती उघडपणे सोडता येते. त्यानेही आधी निजामाचा दरबार सोडलाच होता. पण ऐन लढाईत, विश्वास ठेवलेल्या माणसाकडे पाठ फिरवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिला मराठीत आणि उर्दूत एकच शब्द आहे, 'दगा'.

आणि पानिपतावर एका बाजूला हिंदू आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान असे चित्रही खरे नाही. मराठ्यांकडे गारदी होते, बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेरबहादूर होता. शुजाच्या फौजेत गोसाव्यांची हिंदू पथके होती.

आता याच लढाईची दुसरी बाजू ऐका. विश्वासराव पेशव्यांचे प्रेत अब्दालीच्या सैनिकांच्या हाती पडले. काही सैनिकांना ते पेंढा भरून काबूलला न्यायचे होते. शुजाउद्दौला जिंकलेल्या पक्षात होता. त्याला गप्प बसता आले असते. पण तो मध्ये पडला. वैर जिवंत माणसाशी असते, मेलेल्याशी नसते, हे त्याने अब्दालीला पटवले. विश्वासराव आणि भाऊ यांच्या देहांवर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार व्हावेत म्हणून त्याने खटपट केली आणि या कामात काशीराजाने त्याला साथ दिली. इकडे आपल्या महाराष्ट्रातही प्रतापगडाजवळ अफजलखानाची कबर आहे. शत्रू मेला की वैर संपले, ही समज दोन्हीकडे होती.

भरतपूरचा राजा सूरजमल जाट याची गोष्ट तर याहून मोठी आहे. लढाईपूर्वी त्याचे भाऊशी पटले नव्हते आणि तो मराठ्यांना सोडून निघून गेला होता. पानिपतानंतर हरलेले, जखमी, थंडीने गारठलेले हजारो मराठे स्त्री-पुरुष त्याच्या राज्यातून परत येऊ लागले. त्याला जुना राग काढता आला असता. त्याने आणि राणी किशोरीने त्यांना आसरा दिला. अन्न, कपडे आणि वाटखर्च दिला. जखमी समशेरबहादूर त्याच्याच राज्यात मरण पावला.

मित्रांनो, माझा मुद्दा आता तुमच्या लक्षात आला असेल. लढताना सर्वच शूर दिसतात. भीती आणि राग माणसाला शूर करतातच. वीर कोण, हे लढाई संपल्यावर कळते. जिंकलेल्याच्या हातात हरलेला असतो, तेव्हा जिंकलेल्याची परीक्षा सुरू होते. या परीक्षेला पंच नसतो आणि गुणही मिळत नाहीत. म्हणून ती सर्वांत अवघड.

पण नाइटांच्या वीरधर्मात एक मोठी उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. तो मुख्यतः बरोबरीच्या लोकांसाठी होता. एक सरदार दुसऱ्या सरदाराला जीवदान देई, कारण त्याच्याकडून खंडणीही मिळे. शेतात राबणाऱ्या गरिबाला मात्र या नियमांचा फारसा आधार नव्हता. शेतावरून घोडे गेले तर कोण विचारणार?

इथे आपल्या इतिहासातील एक पत्र मला फार मोलाचे वाटते. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिले. विषय शत्रूचा नाही, लढाईचा नाही. विषय आहे गवत, दाणा, भाजी आणि लाकूडफाटा. लागेल ती वस्तू बाजारातून विकत आणा, रयतेकडून हिसकावून घेऊ नका, तसे केलेत तर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. एवढेच नव्हे, रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, हेही लिहिले आहे. राजाला उंदराची आणि वातीची काळजी! कारण गंजी जळाली तर घोडे उपाशी राहतील आणि मग शिपाई गवतासाठी पुन्हा शेतकऱ्याच्या दारात जातील. वीरधर्म हा शेतकऱ्याच्या भाजीच्या देठापर्यंत पोचला पाहिजे, हे ज्याला कळले तो खरा राजा.

आणि याची साक्ष शत्रूच्या लेखणीतूनही मिळते. खाफीखान हा मोगलांचा फारसी इतिहासकार. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने 'मुंतखब-उल्-लुबाब' हा ग्रंथ लिहिला. शिवाजी महाराजांविषयी तो कडवट भाषा वापरतो. पण तोच लिहितो की मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना धक्का लावू नये असा त्यांचा आपल्या लोकांना नियम होता, आणि कुराणाची प्रत हाती आली तर ते आदराने आपल्या एखाद्या मुसलमान सेवकाकडे देत. दान्तेने सलाहुद्दीन यांना मान दिला, खाफीखानाने शिवाजी महाराजांचा हा नियम लिहून ठेवला. दोघांच्या मनात राग होता, तरी दोघांनी खरे तेच लिहिले. मला वाटते, हाही वीरधर्मच आहे. तलवारीचा नाही, लेखणीचा.

मुलींनो, तुम्ही म्हणाल, या सगळ्या पुरुषांच्या गोष्टी झाल्या. नाइटांच्या कथांत स्त्री बहुधा बुरुजात अडकलेली असते आणि कुणीतरी येऊन तिला सोडवायचे असते. आपल्या दख्खनमध्ये मात्र बुरुजाचे रक्षण स्त्रीनेच केले आहे. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तटाला भगदाड पडले. तेव्हा चांदबीबी हाती तलवार घेऊन त्या भगदाडात उभी राहिली आणि तिने रातोरात तट बांधून काढला. किल्ला पडला नाही. अखेर १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. या चांदबीबीचा अंत शत्रूच्या हातून झाला नाही. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला असताना ती मोगलांना सामील झाली अशी अफवा किल्ल्यात पसरली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. खात्री करून घ्यायला कुणी थांबले नाही. आज आपल्या हातात तलवारी नाहीत, पण मोबाइल आहेत. कुणाविषयी आलेला मजकूर खरा की खोटा हे न पाहता पुढे पाठवणारा माणूस त्या किल्ल्यातल्या जमावापेक्षा फार वेगळा नाही.

कुणी म्हणेल, आता घोडे गेले, किल्ले पडले, वीरधर्माचा उपयोग काय? त्याला मी किल्लारीची आठवण करून देईन. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास आपल्या भागात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. मी तेव्हा फार लहान होतो. पण घरातील मोठी माणसे अजून सांगतात. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या. निलंग्याहून माणसे हाती लागेल ते घेऊन निघाली, कुणी कुदळ, कुणी भाकरी, कुणी घोंगडी. माझे वडीलही गेले. ते सांगत, तिथे दोन तऱ्हेची माणसे दिसली. काही जण ढिगाऱ्यात पेट्या आणि दागिने शोधत होते. आणि काही जण अनोळखी माणसाची पेटी सापडली की तिच्याजवळ राखण करीत बसत, मालक किंवा त्याचा कुणी नातलग येईपर्यंत. राखण करणाऱ्यांपैकी कोण कुठल्या गावचा, कुठल्या जातीधर्माचा, हे कुणी विचारले नाही. घोडा नाही, चिलखत नाही, हातात फक्त काठी. माझ्या दृष्टीने ते सारे शिलेदार होते.

आता पुन्हा आमच्या मैदानावर येऊ. त्या दिवशी आमचा संघ जिंकला होता. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर ठेवली आहे. पण माझ्या मनात सारखे येते की त्या दिवशी दोन सामने झाले. पहिला पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा संपला. दुसरा त्याच क्षणी सुरू झाला. त्या दुसऱ्या सामन्यात आमचे सात खेळाडू हरले आणि एक राखीव खेळाडू जिंकला. मीही हरलो, कारण वर्ग हसला तेव्हा मी त्याच्या बाजूने उभा राहिलो नाही.

हा लेख मी प्रथम त्याच वर्गात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर कुणी काही बोलले नाही. मधल्या सुटीत मात्र "इसने दुश्मन को पानी पिलाया" म्हणणारा मुलगा त्या राखीव खेळाडूच्या बाकावर जाऊन बसला आणि त्याने आपला डबा उघडून मध्ये ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही आयुष्यात जिंकण्याचे दिवस येतील. कधी परीक्षेत पहिले याल, कधी निवडणुकीत, कधी भांडणात तुमची बाजू वरचढ ठरेल. तेव्हा आधी एक क्षण थांबा आणि मैदानात कोण बसून राहिले आहे ते पाहा. पाण्याची बाटली तुमच्या हातात असेल.